उसने ठोके

“हात धुतले का?” घोडके सिस्टरांनी मान वर न करता विचारलं.

“धुतले.”

“कोपरापर्यंत?”

मी निमूटपणे बेसिनकडे परत वळलो. नांदेडच्या त्या दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षावर घोडके सिस्टरांचं राज्य होतं. तिथं बापाला, मग तो पुण्यात कितीही मोठ्या कंपनीत असो, काडीची किंमत नव्हती. चपला बाहेर, मोबाइल बाहेर, हिरवा गाऊन उलटा घालायचा, आणि आत गेल्यावर कशालाही हात लावायचा नाही. पोटच्या पोरीलाही विचारूनच.

माझी पोरगी दोन नंबरच्या वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या उघड्या पाळण्यात, होती. सातव्या महिन्यातच आली होती, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. पण एवढीशी असण्याचं आम्हाला तितकं भय नव्हतं. भय वेगळंच होतं. डॉक्टर देबडवारांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन ते सांगितलं होतं.

“हे बघा, एवढ्या लवकर आलेल्या लेकराचा मेंदू अजून कच्चा असतो. श्वास घ्यायचं तो मधूनच विसरतो. घाबरू नका. श्वास थांबला की मशीन बोंबलतं, सिस्टर जाऊन तळव्याला टिचकी मारतात, लेकरू दचकतं आणि श्वास पुन्हा सुरू. महिनाभरात मेंदू शिकतो. तोवर एवढं सांभाळायचं.”

“आणि मशीन बोंबललं नाही तर?”

“बोंबलतं,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या कुणा बापाचं तेवढ्यावर समाधान झालं असतं. पण माझं पोटच संशयावर भरतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या तळाशी एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. वरच्या सगळ्या कामांना ती जागा वाटून देते, काम संपलं की जागा परत घेते. तिच्या या देण्याघेण्यात कुठं फट राहिली आहे आणि तिथून चोर कसा शिरेल, हे शोधायचा मला पगार मिळतो. अशी वर्षं काढली की माणूस लग्नाच्या पंगतीला बसतानासुद्धा मांडवाचा खांब हलवून बघतो. अंबिका म्हणायची, तुम्हाला देवळात नेलं तर तुम्ही घंटेची साखळी तपासत बसाल.

आता मात्र ती तसं काही म्हणत नव्हती. टाके ओले असताना ती बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून असायची. आत एका बाळामागे एका वेळी एकालाच सोडत. तिची पाळी आली की ती वॉर्मरपासून हातभर लांब उभी राहायची आणि हात पाठीमागे बांधून घ्यायची. “माझ्या हातानं काही झालं तर?” एवढंच एकदा म्हणाली होती. मी मात्र पडद्याकडे बघत बसायचो. प्रत्येक बाळाच्या डोक्याशी एक छोटा पडदा होता. त्यावर हृदयाची हिरवी रेघ, तिच्याशेजारी ठोक्यांचा आकडा आणि ऑक्सिजनचा निळा आकडा. हे सगळे पडदे सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या मशीनला जोडलेले. बाळांच्या वायरी त्या मशीनला आकडे पाठवायच्या, मशीन ते पडद्यांवर दाखवायचं, आणि वेळ आली की बोंबलायचंही तेच.

त्या दिवशी सकाळी चार नंबरच्या कौसरची मुलगी घरी जायची होती. देगलूरची ही कौसर तिथं सगळ्यांत जुनी. दूध कसं काढायचं, घंटी वाजली की धावत आत न घुसता आधी कुणाची ते कसं ओळखायचं, हे सगळं तिनंच अंबिकाला शिकवलं होतं. आता ती नवा बुरखा घालून, मुलीला मांडीवर घेऊन सिस्टरांच्या टेबलापाशी खुर्चीत बसली होती. मुलीच्या छातीवरच्या ठोके टिपणाऱ्या चकत्या आणि पायावरचा ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा पट्टा अजून तसाच होता. वायरी खुर्चीच्या कडेनं लोंबत होत्या.

“हं, दाबा,” घोडके सिस्टर म्हणाल्या.

मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण उमटलेलं होतं. त्याच्याखाली सिस्टरांनी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनानं ‘घरी’ असं लिहिलं होतं. घरी निघालेल्या बाळाच्या आईनंच ते दाबायचं, हा तिथला रिवाज. चार नंबरच्या चौकोनात मुलीची हिरवी रेघ टुणटुणत होती. कौसरनं बिस्मिल्ला म्हणून बोट टेकवलं आणि चौकोन विझला. सिस्टरांनी दोन बोटांनी तळहातावर हलक्या टाळ्या वाजवल्या, कुणी लेकरू दचकू नये म्हणून. आमची पाळी कधी येईल, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

तेवढ्यात आमच्याकडचा वॉर्मर कुईकुई करायला लागला. त्यातली तापणारी कांडी विझली होती.

“ओ, सरका बाजूला!” घोडके सिस्टर धावल्या. कौसरच्या मुलीच्या वायरी काढायच्या राहूनच गेल्या. कौसर बिचारी, आता कुणी सांगेपर्यंत उठायचं नाही अशा बेतानं खुर्चीतच बसून राहिली. सिस्टरांनी माझ्या पोरीला वायरींतून सोडवलं, दोन नंबरची घंटी गप्प केली, पोरीला चादरीसकट उचललं आणि रिकाम्या पाच नंबरवर ठेवलं. नव्या चकत्या, नवा पट्टा. मग टेबलाशी जाऊन मोठ्या मशीनमध्ये तिची नवी नोंद उघडली. अंबिकाचं बाळ, बेड पाच. डोक्याशी पडदा उजळला. हिरवी रेघ, निळा आकडा, सत्त्याण्णव.

“झालं. बघा आता निवांत,” त्या म्हणाल्या.

मी बघायला लागलो, आणि मला निवांत वाटेना.

इतके दिवस मी त्या रेघेकडे टक लावून बसलो होतो. माझ्या पोरीचं हृदय चिमणीसारखं भिरभिरायचं. एकशे साठ, एकशे सत्तर, मधेच धाडकन खाली, पुन्हा वर. ही रेघ मात्र एका लयीत, रमतगमत चालली होती.

“सिस्टर, हे आकडे हिचे वाटत नाहीत.”

“आकडे काय वासावरून ओळखायलाव का तुम्ही?”

“इतके सरळ कधीच नसतात हो.”

“सरळ आहेत तर देवाचे आभार माना! चांगलं झालं तरी तुमचं रडणं हायेच.”

त्यांचंही बरोबरच होतं. पण जीव थाऱ्यावर येईना. तेवढ्यात टेबलापाशी कौसरच्या मुलीनं भुकेनं टाहो फोडला. आणि माझ्या समोरचा ठोक्यांचा आकडा चढायला लागला. एकशे पन्नास, एकशे सत्तर, एकशे ऐंशी. माझी पोरगी शांत झोपलेली, पापणीसुद्धा हलत नव्हती. कौसरनं मुलीला बुरख्याआड पाजायला घेतलं, रडणं थांबलं, आणि आकडा सावकाश खाली आला.

मी पडद्यावरून नजर काढली आणि पोरीच्या पोटाकडे बघितलं. हलत नव्हतं.

आता हलेल, आता हलेल म्हणून मी वाट पाहिली. पडद्यावर अठ्ठ्याण्णव. घंटी गप्प. सिस्टर पाठमोऱ्या. पोरीच्या ओठांभोवती जांभळी कड उमटायला लागली. मी वॉर्मरच्या काचेच्या कडेवरून हात घातला आणि तळव्याला टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही. तिसरी मारली ती मलाच क्रूर वाटावी इतक्या जोरात. पोरगी ताडकन दचकली, तोंड उघडलं आणि मांजरीच्या पिल्लासारखं रडली.

“कुणी सांगितलं हात लावायला?” घोडके सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या.

“श्वास थांबला होता.”

“मशीन गप्प हाय की.”

“तेच सांगतोय मी तुम्हाला!”

“हे बघा,” त्यांचा आवाज थोडा मऊ झाला, “जागरणानं होतं असं. आईबापाला भास होतात. जावा, चहा पिऊन या.”

भांडून उपयोग नव्हता. मला एकच गोष्ट सुचली. मी पोरीच्या पायावरचा लाल दिव्याचा पट्टा ओढून काढला.

“अहो, काय करायलाव! आता बोंबलंल बघा ते सगळं—”

आम्ही दोघंही पडद्याकडे बघत राहिलो. पट्टा चादरीवर पडला होता, त्याचा लाल दिवा कुणाच्याही पायाला न लागता नुसताच लुकलुकत होता. पडद्यावर अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

घोडके सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईनं पट्टा पुन्हा बांधला, आणि दुसरा हात पोरीच्या पोटावर ठेवला तो काढला नाही.

“मग हे चाललंय ते कुणाचं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी खुर्चीतल्या कौसरकडे बोट दाखवलं.

डॉक्टर देबडवार आले तेव्हा मी शक्य तेवढं सोपं करून सांगायचा प्रयत्न केला.

“गुरुद्वाऱ्यापाशी यात्रेकरूंच्या लॉज आहेत ना, तसं समजा. मशीनच्या मेमरीत, म्हणजे आठवणीत, प्रत्येक बाळाला एक खोली असते. वायर आपले आकडे त्या खोलीत टाकते आणि पडदा तिथून वाचतो. कौसरनं बटण दाबलं तेव्हा खोली रिकामी झाली अशी मशीननं नोंद केली. पण जुन्या पाहुण्याची किल्ली काढून घेतली नाही. वायर लागलेलीच होती. लगेच आमची नोंद उघडली, मशीननं तीच खोली आम्हाला दिली. आता दोन्ही मुली एकाच खोलीत आकडे टाकतायत आणि कौसरची मुलगी वरचढ ठरतेय.”

“म्हणजे हिला काही झालं—”

“तर पडदा कौसरच्या मुलीची तब्येत सांगेल.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मग तिच्या वायरी काढून टाकू. प्रश्न मिटला.”

“आमचा मिटेल. पण बटण आधी आणि वायरी नंतर, हे आजच झालं का?”

सगळ्यांनी घोडके सिस्टरांकडे बघितलं.

“नेहमीच,” त्या म्हणाल्या. “मीच तसं करते.”

“हे मशीन शेवटचं बंद कधी केलं होतं?”

“बंद? ते बंद करायचं नसतंय. दसऱ्याला हळदकुंकू लावलं तेव्हाही चालूच होतं.”

“मग डॉक्टर, आत कोणाच्या किल्ल्या कोणाच्या खोल्यांना लागतायत हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. एकदा आठवण अशी बिघडली की त्या मशीनवरच्या एकाही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. नऊच्या नऊ पडदे. बंद करून पुन्हा सुरू करायला हवं.”

“किती वेळ लागेल?”

“सात-आठ मिनिटं.”

“खात्री?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला कळत होतं, ते काय तोलत होते. एका घाबरलेल्या बापाच्या शब्दावर नऊ लेकरांच्या घंट्या एकदम बंद करायच्या. उलट, घंट्या खोट्या असतील तर त्या चालू ठेवणं म्हणजे कुणीच पहाऱ्यावर नाही आणि आहे अशी समजूत मात्र आहे. चादरीवर पडलेला पट्टा त्यांनी बघितला नव्हता. घोडके सिस्टरांनी बघितला होता.

“सर, ते बरोबर बोलायलेत,” त्या म्हणाल्या. “मी डोळ्यानं बघितलं.”

डॉक्टरांनी मान हलवली. “बाहेर जेवढे नातेवाईक आहेत तेवढे आत घ्या. एका लेकरापाशी एक माणूस.”

त्या कक्षात एवढे पाहुणे एकदम कधी शिरले नसतील. त्या दिवशी बेसिनपाशी रांग लागली. नऊवारीतल्या आज्या, धोतरातला एक आजोबा, टाके सांभाळत चालणाऱ्या आया, सगळे कोपरापर्यंत हात धूत होते. व्हेंटिलेटरवरच्या दोन बाळांची घंटी वेगळी होती, तरी तिथं एकेक सिस्टर उभ्या राहिल्या. कौसरच्या मुलीच्या वायरी निघाल्या. तिनं मुलगी दाराबाहेर सासूच्या हातात दिली आणि ती परत आली. आठ नंबरच्या बाळाची आई दुसऱ्या दवाखान्यात अत्यवस्थ होती, त्याचं कुणीच नव्हतं. कौसर न सांगता त्याच्या पायाशी जाऊन उभी राहिली.

“ऐका,” घोडके सिस्टर म्हणाल्या. “पडदा बंद होणार हाय. कुणी वर बघायचं नाही. लेकराच्या पोटाकडं बघायचं. खालीवर होतंय तोवर हात लावायचा नाही. थांबलं की तळव्याला टिचकी मारायची. अशी. जोरात. घाबरून उचलायचं नाही, ओरडायचं नाही.”

अंबिका पाच नंबरपाशी उभी होती. हात अजून पाठीमागेच.

“अहो, तुम्ही थांबा ना हिच्यापाशी. मी काय करू? मला नाही जमायचं.”

मलाही तिथंच थांबायचं होतं. पण दवाखान्याचा मशीनवाला परभणीला गेला होता. फोनवर पासवर्ड सांगताना, हे मी जन्मात कधी बंद केलेलं नाही, असं म्हणून त्यानं हात वर केले होते. टेबलापाशी माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आणि टेबल असं होतं की तिथं बसलं की पाच नंबरकडे पाठ होत होती.

“पोटाकडं बघ फक्त,” मी म्हणालो आणि गेलो.

मी मशीन बंद करायचं बटण दाबलं. नऊ पडदे एकदम काळे झाले, आणि त्या कक्षातला तो टुणटुण आवाज थांबला. इतके दिवस त्या आवाजानं डोकं उठलं होतं. आता तो गेला आणि शांतता पडली. कुणी खोकलंसुद्धा नाही. फक्त व्हेंटिलेटरचे सुस्कारे आणि त्या आजोबांचं पुटपुटणं.

मशीनच्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली. ऑपरेटिंग सिस्टिम एकेक भाग तपासत होती. धंद्यात मी हे हजारदा बघितलेलं. तेव्हा या वेळात मी चहा आणायला जायचो. आता एकेक ओळ सरकेना. एका ओळीवर ती अडली, तिथंच अडून राहिली. मी टेबलाची कड घट्ट धरली. हे सुरूच झालं नाही तर? मी सांगितलं म्हणून बंद केलं, आणि सुरूच झालं नाही तर?

“अहो.”

अंबिकाचा आवाज. अगदी हळू.

“अहो, ही हलत नाही.”

मी अर्धा उठलो. त्याच क्षणी अक्षरं पुढे सरकली आणि मशीननं पासवर्ड मागितला. मला जाता येत होतं. चार पावलं होती. पण मी गेलो असतो तर बाकीची आठ लेकरं तेवढा वेळ आणखी अंधारात राहिली असती. खरं सांगायचं तर हा हिशोब मी मागाहून केला. तेव्हा माझे पायच हलले नाहीत.

“टिचकी मार,” मी म्हणालो.

“मला नाही—”

“अंबिका, मार!”

टप्. इतका हलका आवाज की मी तो ऐकला की कल्पिला, देव जाणे. मग पुन्हा. घोडके सिस्टर आपल्या वाट्याच्या बाळापाशी उभ्या राहून तिथूनच म्हणाल्या, “ताई, जोरात. आई हायसा तुम्ही, पाप लागत नाही.” मी पासवर्ड टाकला, बोटं घसरली, चुकला. पुन्हा टाकला. मागे चटकन आवाज झाला, मग आणखी एक, आणखी एक. आणि मग ते मांजरीच्या पिल्लासारखं रडणं आलं.

मी मागे वळलो नाही. मला डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. बाही डोळ्यांवरून फिरवली आणि नव्यानं एकेक नोंद उघडायला लागलो. बेड एक, बेड तीन. माझ्या पोरीची उघडली तेव्हा तिची रेघ चिमणीसारखी भिरभिरत वर आली. एकशे एकाहत्तर, एकशे अठ्ठावन्न. पहिल्यांदाच ते वेडेवाकडे आकडे बघून मला हायसं वाटलं.

नऊही लेकरं जिवंत होती. डॉक्टर देबडवार मग घोडके सिस्टरांकडे वळले. ते ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

“आधी वायरी काढायच्या, मग नोंद बंद करायची. एवढी साधी गोष्ट. तुम्ही उलटं का करत होता?”

“सवय,” सिस्टर म्हणाल्या.

“कसली सवय? काही कारण?”

“नाही सर. चुकलं माझं.” आणि त्या हात धुवायला निघून गेल्या.

दुपारी मी मशीनच्या कंपनीला फोन लावला. तीन माणसांनी एकमेकांकडे टोलवल्यावर चौथा भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “आमच्या माहितीपुस्तिकेत क्रम दिलेला आहे. ही वापरणाऱ्याची चूक आहे. त्या नर्सचं नाव कळवता का?”

माझं डोकं सणकलं. “नाव माझं लिहून घ्या. आणि पुढचं ऐका. नोंद बंद करायची आज्ञा रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरूनही देता येते, मी आत्ताच बघून आलो. म्हणजे कुणा वाईट माणसाला कक्षात पाऊलसुद्धा टाकायला नको. बाहेरून तो एका लेकराची नोंद बंद करेल, दुसऱ्याची उघडेल, आणि मरणाऱ्या लेकराच्या पडद्यावर धडधाकट लेकराचे ठोके चालत राहतील. घंटी वाजणार नाही. ही खोली किल्लीसकट देऊन टाकणारी तुमची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. नर्सनं नाही लिहिली ती.”

त्यानं आवाज खाली आणला.

“हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“अजून नाही.”

“दुरुस्ती येईपर्यंत सांगू नका. प्लीज.”

आमच्या धंद्याची ही रीतच आहे. फट बुजेपर्यंत फटीची वाच्यता करायची नाही, नाहीतर चोरालाच रस्ता दाखवल्यासारखं होतं. ही रीत मी कित्येकदा पाळली होती, खुर्चीत बसून, आरामात. आता माझी पोरगी पाच नंबरवर होती. मी म्हणालो, जगाला सांगणार नाही, पण तुम्ही आजच्या आज हे मशीन असलेल्या प्रत्येक दवाखान्याला सावध करा, नाहीतर मी करतो. त्यांनी केलं. आणि मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी रिसेप्शनकडे जाणारी केबल स्वतःच्या हातानं उपटून काढली.

संध्याकाळी कंपनीची सूचना आली. दुरुस्ती होईपर्यंत आधी सर्व वायरी काढाव्यात, पडदा कोरा झाल्याची खात्री करावी, त्यानंतरच नोंद बंद करावी. घोडके सिस्टरांनी ती ठळक अक्षरांत लिहून टेबलावर चिकटवली. माझ्याशी मात्र त्या जरा कमी बोलायला लागल्या. मला वाटलं, दुखावल्या असतील. चारचौघांत चूक निघाली.

पोरगी हळूहळू श्वास घ्यायला शिकली. घंट्या कमी झाल्या, मग एके आठवड्यात वाजल्याच नाहीत. अंबिका तिला छातीशी धरून बसायला लागली, तासन्‌तास, कुणी उठवलं तरी उठायची नाही. आणि एके सकाळी डॉक्टर म्हणाले, घेऊन जा.

दुरुस्ती अजून आली नव्हती. अंबिका त्या खुर्चीत बसली, मांडीवर पोरगी, अंगात आजीनं शिवलेलं पिवळं झबलं. सिस्टर जमल्या. मी अंबिकाच्या मागे उभा होतो. पाच नंबरच्या चौकोनात आमची हिरवी रेघ उड्या मारत होती. तिच्याकडे बघत आम्ही दोघांनी महिना काढला होता.

घोडके सिस्टर खाली वाकल्या. छातीवरच्या चकत्या काढल्या, मग पायाचा पट्टा. सूचनेप्रमाणे.

पडद्यावरची रेघ एकदा थरथरली आणि आडवी झाली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ. निळा आकडा शून्य. आणि मशीन बोंबललं. तो लांबच लांब, न तुटणारा आवाज.

अंबिका किंचाळली. तिला सगळं माहीत होतं. आदल्या रात्री मीच समजावून सांगितलं होतं, वायरी काढल्या की असं होणार. पोरगी तिच्या मांडीवर गरम, जिवंत, हातपाय झाडत होती. तरी ती पडद्याकडे बघून किंचाळली आणि खुर्चीतून खाली घसरायला लागली. आणि मी, ज्याला त्या रेघेत काही अर्थ नाही हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त कळत होतं, तो मी थिजून पडद्याकडेच बघत होतो. पोरीकडे बघायचं मला सुचलं नाही.

घोडके सिस्टरांनी एका हातानं अंबिकाला सावरलं आणि दुसऱ्या हातानं मोठा पडदा फिरवून भिंतीकडे तोंड करून टाकला.

“मागं एका बाईला फिटच आली होती हे बघून,” त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “घरी जायच्या दिवशी. तवापासून मी आधी बटण दाबायला लावायची.”

आम्ही दोघं अजून त्या भिंतीकडे फिरवलेल्या पडद्याकडेच बघत होतो.

“आता तिकडं काय बघायलाव दोघं?” त्या म्हणाल्या. “खाली बघा.”

आम्ही खाली बघितलं. पोरीनं एवढं मोठं तोंड उघडून जांभई दिली, आणि तिचं पोट खालीवर होत होतं.